शरीराची आठवण पुसणारा आजार

"गोवर कुणाला येत नाही? आम्हाला आला, आमच्या मुलांना आला. आठ दिवसांत पुरळ मावळते आणि मूल पुन्हा खेळायला लागते." लसीकरणाचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात कुणी ना कुणी हे म्हणतेच. म्हणणारी बहुधा घरातली दादी किंवा नानी असते आणि तिच्या मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तिने पाहिलेले खोटेही नाही. गोवर झालेली बहुतेक मुले त्यातून उठतात.

पण उठल्यानंतर काय होते, याकडे आपले लक्ष नसते. त्याच मुलाला दोन महिन्यांनी न्यूमोनिया होतो, पुढे जुलाब लागतात, मग कान वाहू लागतो. आपण हवेला दोष देतो, पाण्याला देतो, नजर लागली म्हणतो. गोवराचे नाव कुणाच्या तोंडी येत नाही, कारण गोवर तर केव्हाच "होऊन गेला". या मागच्या दुखण्यांचा आणि त्या गोवराचा संबंध असू शकतो, आणि तो आता शास्त्रज्ञांच्या नीट हाती लागला आहे.

2022 सालच्या अखेरीस मुंबईतील गोवंडी-मानखुर्द परिसरात आणि पाठोपाठ भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ पसरली. लहान मुले दगावली. आजारी पडलेल्यांमध्ये लस न घेतलेल्या किंवा अर्धवट घेतलेल्या मुलांचा भरणा होता. या वस्त्या कुणाच्या, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून शरीर रोगाशी कसे लढते आणि गोवर त्या लढ्याचे नेमके काय बिघडवतो, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

रक्ताच्या रिपोर्टमधले शिपाई

ताप उतरत नसला की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. त्या रिपोर्टमध्ये "डब्ल्यूबीसी" असे लिहून पुढे एक आकडा असतो. या पांढऱ्या पेशी होत. निरोगी मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या टोकावर मावेल एवढ्या थेंबात, त्या साधारण 4 हजार ते 11 हजार असतात. त्याखाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट अशी नावे आणि टक्केवारी छापलेली असते. बहुतेक लोक रिपोर्ट तसाच घडी घालून पिशवीत ठेवतात. खरे तर तो आपल्या शरीरातल्या फौजेचा हजेरीपट असतो.

या पेशींचा जन्म हाडांच्या आतल्या मऊ भागात, म्हणजे अस्थिमज्जेत होतो. पण त्यांच्या आधीही पहारा असतो. कातडी ही पहिली भिंत. डोळ्यांतल्या पाण्यात आणि लाळेत जंतूंचे कवच फोडणारे द्रव्य असते. नाकातला शेंबूड धुळीला आणि जंतूंना चिकटवून धरतो. पोटातले आम्ल अन्नाबरोबर गेलेल्या बऱ्याच जंतूंचा निकाल लावते. यातूनही एखादा जंतू आत शिरला, तर पेशींचे काम सुरू होते.

समजा, अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या पायात काटा मोडला. त्या जागी आधीपासून मुक्कामाला असलेल्या मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी जंतूंना गिळू लागतात आणि मदतीची हाक देणारी रसायने सोडतात. त्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल पेशी धावत येतात. जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. आपल्याला वाटते पाय बिघडला, पण ती मदत पोहोचल्याची खूण असते. न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. जंतू गिळायचे, मारायचे आणि स्वतःही मरायचे, हे त्यांचे आयुष्य. शरीर रोज सुमारे 10 हजार कोटी नवे न्यूट्रोफिल तयार करते. जखमेतला पू म्हणजे मुख्यतः या कामी आलेल्या पेशींचा ढीग.

पेशी जंतूंना गिळतात ही गोष्ट आज आठवीचा विद्यार्थीही लिहितो, पण ती पहिल्यांदा ओळखली इल्या मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने. 1882 साली इटलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगात बारीक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातला होता. या शोधासाठी 1908 साली त्याला पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

मोहल्ल्यातली चौकी

पायात काटा गेला की दोन-तीन दिवसांनी जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आले. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का होते, याचे उत्तर फार सुंदर आहे.

जखमेच्या जागी डेंड्रायटिक नावाच्या आणखी एका जातीच्या पेशी असतात. जंतू मारणे हे त्यांचे मुख्य काम नसते, त्या खबरे असतात. त्या जंतूचा तुकडा तोडून घेतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे चौकीत, घेऊन जातात. अशा शेकडो चौक्या आपल्या मानेत, काखेत, जांघेत आणि पोटात आहेत. तिथे लिम्फोसाइट जातीच्या पेशी बसलेल्या असतात. खबऱ्या तो तुकडा त्यांच्यापुढे धरतो आणि विचारतो, "याला कोण ओळखतो?"

प्रत्येक लिम्फोसाइटला एकाच आकाराची खूण ओळखता येते, दुसरी नाही. पण शरीराने या पेशी इतक्या तऱ्हेच्या बनवून ठेवलेल्या असतात की आजवर कधी न पाहिलेल्या जंतूलाही ओळखणारी एखादी पेशी बहुधा असतेच. जनुकांचे मोजके तुकडे पत्त्यांसारखे पिसून शरीर कोट्यवधी वेगवेगळ्या ओळखी तयार करते. हे कोडे सोडवणाऱ्या सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाला 1987 चे नोबेल मिळाले. जिची ओळख जुळते ती पेशी भराभर विभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत काही दिवसांत तिच्यासारख्या हजारो पेशी उभ्या राहतात. चौकीत गर्दी होते, चौकी फुगते. तेच अवधाण.

लिम्फोसाइटच्या दोन मोठ्या जाती आहेत. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रथिने रक्तात फिरतात आणि जंतूला चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाहीत. विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की मात्र प्रतिपिंडांचा हात तिथवर पोहोचत नाही. तिथे टी पेशी लागतात. त्यांतल्या काही मारेकरी असतात. आत विषाणू लपलेली आपलीच पेशी त्या शोधून नष्ट करतात. काही मदतनीस असतात, त्या बी पेशींना आणि मारेकऱ्यांना हुकूम देतात.

हाती हत्यार असलेल्या पेशींनी घरच्याच माणसांवर वार केला तर? म्हणून टी पेशींना आधी शिकावे लागते. त्यांची शाळा छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत भरते. तिथे दोन परीक्षा असतात. पहिली, तुला ओळखता येते का? दुसरी, तू आपल्याच शरीरावर तर धावून जात नाहीस ना? निकाल इतका कडक की शंभरातल्या पाचसुद्धा उत्तीर्ण होत नाहीत. बाकीच्यांना तिथेच संपवले जाते. कुदरतीच्या या शाळेत कॉपी चालत नाही, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात, पण धडा त्यांच्या लक्षात राहतो.

पासष्ट वर्षांनंतरची ओळख

लढाई संपली की तयार झालेल्या बहुतेक पेशी मरून जातात. काही थोड्या मात्र मागे राहतात, त्या स्मृतिपेशी. तोच जंतू पुन्हा आला तर पहिल्या वेळी तयारीला लागलेले आठ-दहा दिवस आता लागत नाहीत. एक-दोन दिवसांत फौज उभी राहते आणि पुष्कळदा आपल्याला कळतही नाही की कुणी येऊन गेले.

ही आठवण किती टिकते, याचा सर्वांत बोलका दाखला गोवरानेच दिला आहे. युरोपच्या उत्तरेला समुद्रात फेरो नावाची बेटे आहेत. तिथे 1781 साली गोवराची साथ आली होती. त्यानंतर 65 वर्षे तिथे गोवर आला नाही. 1846 च्या मार्चमध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पुन्हा आला आणि 7,782 वस्तीपैकी सुमारे 6 हजार लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला सरकारने तिथे पाठवले. त्याने घरोघर जाऊन नोंदी केल्या. त्यात त्याला दिसले की लहानपणी, 1781 मध्ये, ज्यांना गोवर झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मधल्या 65 वर्षांत त्यांच्या शरीराने तो जंतू पाहिला नव्हता, तरी ओळख कायम होती.

याहून कितीतरी आधी, दहाव्या शतकाच्या सुमारास, अबू बक्र मुहम्मद इब्न जकरिया अल-राझी या हकिमाने देवी आणि गोवर, म्हणजे जुदरी आणि हसबा, यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इराणातल्या रय गावचा आणि बगदादच्या रुग्णालयाचा प्रमुख राहिलेला हा माणूस. दोन आजारांची लक्षणे वेगवेगळी करून सांगणारा तो पहिल्यांपैकी एक. आणि हसबाला हलके मानू नका, तो जुदरीपेक्षाही धास्तीचा असू शकतो, असे त्याचे मत होते. विषाणू म्हणजे काय हे त्याला माहीत असणे शक्य नव्हते. पण रोग्याच्या उशाशी बसून केलेले त्याचे निरीक्षण आज हजार वर्षांनी पुन्हा आठवावे असे आहे.

गोवर कुठे वार करतो

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून निघून गेले तरी दोन तासांपर्यंत तो तिथल्या हवेत राहू शकतो. कुणालाच संरक्षण नसलेल्या वस्तीत एका रुग्णाकडून सरासरी 12 ते 18 जणांना लागण होते. इतका झपाटा फार थोड्या आजारांत दिसतो. शिवाय पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच मूल इतरांना आजार देत असते. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे राहत असतील, तर वेगळे ठेवायचे कुठे आणि कधी?

विषाणू श्वासातून आत जातो. तिथे त्याची गाठ पडते ती मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक पेशींशी, म्हणजे आपल्याच पहारेकऱ्यांशी आणि खबऱ्यांशी. त्यांच्या आत बसून तो सरळ चौकीत पोहोचतो. तिथे त्याला हवे ते सापडते. त्याला चिकटायला ज्या प्रकारची खुंटी लागते, ती स्मृतिपेशींच्या पृष्ठभागावर भरपूर असते. मग तो त्यांच्यात शिरतो, वाढतो आणि त्यांचा नाश करतो. खोकला, लाल डोळे, कडक ताप आणि मग पुरळ, हे आपल्याला दिसते. पुरळ हासुद्धा टी पेशींनी कातडीतल्या विषाणूबाधित पेशींवर केलेल्या हल्ल्याचा परिणाम असतो. म्हणून पुरळ मावळले की लढाई जिंकली असे वाटते, आणि गोवराविरुद्धची लढाई खरोखरच जिंकलेली असते. गोवराची आठवण आता आयुष्यभर राहील. पण त्या गडबडीत इतर आजारांच्या जुन्या आठवणींचे काय झाले?

शाळेच्या कचेरीला आग लागावी, आग विझावी, आग लावणाऱ्याचे नाव नव्या वहीत लिहिले जावे, पण वर्षानुवर्षांची जुनी रजिस्टरे जळून जावीत, तसे काहीसे घडते.

याची पहिली चाहूल 1908 साली लागली. क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन डॉक्टरला दिसले की क्षयाच्या कातडीवरच्या चाचणीला प्रतिसाद देणारी मुले गोवर झाल्यावर काही काळ प्रतिसाद देईनाशी होतात. जणू शरीर क्षयाची ओळख विसरले. 2015 साली इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कमधील मृत्यूंच्या जुन्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासातून पुढे आले की गोवराच्या साथीनंतर सुमारे दोन ते तीन वर्षे इतर संसर्गांनी होणारे बालमृत्यूही वाढलेले असतात. मग 2019 साली थेट पुरावा आला. नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणाने लस न घेणाऱ्या एका ख्रिस्ती समाजातील 77 मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. इतर जंतूंविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. म्हणजे काही मुलांच्या शरीराने कमावलेल्या ओळखींपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश पुसल्या गेल्या होत्या. लस घेतलेल्या मुलांमध्ये मात्र असे काही आढळले नाही.

"गोवर होऊन गेला की मूल काटक होते" हा समज किती उलटा आहे, हे यावरून कळेल. मूल गोवरापुरते काटक होते आणि इतर आजारांपुढे पुष्कळदा पुन्हा तान्ह्या बाळासारखे उघडे पडते. पोटभर खाणाऱ्या घरातले मूल त्या जुन्या ओळखी हळूहळू पुन्हा कमावते, पण त्यासाठी त्याला तेच आजार पुन्हा सोसावे लागतात. कुपोषित मुलाला ती उसंत मिळतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 साली जगभरात गोवराने सुमारे 1 लाख 7 हजार माणसे मेली. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती.

आजाराविना धडा

स्मृतिपेशींना खऱ्या शत्रूची गरज नसते, त्याची ओळख पुरते. लसीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. गोवराच्या लसीत विषाणू असतो, पण प्रयोगशाळेत वाढवून वाढवून दुबळा केलेला. तो चौकीत जातो, ओळख देतो, बी आणि टी पेशी तयार होतात, आठवण राहते. रजिस्टरे मात्र जळत नाहीत. लस दिल्यावर सात ते बारा दिवसांनी काही मुलांना थोडा ताप येतो, अंगावर हलके पुरळ दिसते. पेशी धडा गिरवत असल्याची ती खूण आहे.

ही विद्या आपल्याला परकी नाही. देवीच्या फोडातला थोडा अंश निरोगी माणसाच्या कातडीत घालून मोठा आजार टाळण्याची रीत तुर्कस्तानात होती. तिथल्या इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी माँटेग्यू हिने ती पाहिली आणि 1718 साली इस्तंबूलमध्ये आपल्या मुलाला तसे टोचून घेतले. इंग्लंडमध्ये ही रीत पोहोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. पुढे 1796 साली एडवर्ड जेन्नर यांनी गायीच्या देवीची अधिक सुरक्षित लस शोधली. ती लस भारतात कशी आली? व्हिएन्नाहून इस्तंबूल, तिथून बगदाद, मग बसरा आणि तिथून जहाजाने मुंबई. 14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण. बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने आलेल्या त्या लसीच्या परंपरेतूनच शेवटी देवीचा आजार जगातून गेला.

शंका विचाराव्यात, पण वेळेत

घराघरांत काही प्रश्न असतात. ते विचारणाऱ्याला अडाणी ठरवून गप्प बसवणे योग्य नाही. उत्तर द्यायला हवे.

लसीने मुले पुढे निपुत्रिक होतात, ही अफवा 2018 साली शाळाशाळांत गोवर-रुबेला लसीची मोहीम आली तेव्हा उठली होती आणि उर्दू शाळांतील अनेक पालकांनी चिठ्ठी पाठवून नकार दिला होता. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. या लसीतला रुबेलाचा भाग मुलींचे पुढचे मातृत्व सांभाळतो. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर गर्भ जाऊ शकतो किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष घेऊन जन्मू शकते.

दुसरा प्रश्न हलाल-हरामचा. काही लसी टिकाव्यात म्हणून त्यांत जिलेटिन असते आणि ते डुकरापासूनचे असू शकते. यावर उलेमांनी विचार केलेला आहे. 1995 साली कुवेतमध्ये भरलेल्या परिसंवादात उलेमा आणि डॉक्टरांनी मत दिले की पदार्थाचे मूळ स्वरूप पूर्ण बदलले तर त्याचा हुकूमही बदलतो. याला इस्तिहाला म्हणतात. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने 2018 साली वेगळी वाट घेतली. गोवर-रुबेला लसीच्या निर्मितीत असा घटक वापरला गेल्यामुळे ती मुळात हराम, पण दुसरी लस उपलब्ध नाही आणि आजाराचा धोका मोठा, म्हणून ज़रूरतीच्या नियमाने ती घेण्यास मुभा आहे, असा निर्णय त्यांनी दिला. वाटा दोन, पण दोन्हींनी लस घेण्यास परवानगीच दिली. तरीही मन मानत नसेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना अवश्य विचारावे. फक्त मूल तापाने फणफणण्याआधी विचारावे. हजला निघालेला कुणीही मेनिंजायटिसची लस नाकारत नाही, कारण त्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. तिथे आपण दंड पुढे करतो, मग नऊ महिन्यांच्या नातवासाठी का अडतो?

तिसरा प्रश्न, "मध, कलौंजी, खजूर, घरचे सकस अन्न, यांनी प्रतिकारशक्ती वाढत नाही का?" चांगले अन्न हवेच. प्रथिने, अ जीवनसत्त्व, लोह नसेल तर अस्थिमज्जा पेशी कशाच्या बनवणार? मात्र एक पथ्य पाळा, वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते. अन्न फौजेला बळ देते, शत्रूचा चेहरा दाखवत नाही. आईच्या पहिल्या घट्ट पिवळसर दुधातून बाळाला आईची प्रतिपिंडे मिळतात, म्हणून ते दूध पिळून टाकू नये. गर्भात असताना मिळालेली गोवराची प्रतिपिंडेही काही महिने साथ देतात, पण ती उसनी असतात. नऊ महिन्यांपर्यंत ती बरीचशी ओसरतात. म्हणूनच लस त्या वयाला आहे.

घरी आज करायचे काम

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, 12 महिन्यांच्या आत, आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत आहे. नऊ महिन्यांच्या पहिल्या डोसाने शंभरातल्या सुमारे 85 बाळांना संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरांसाठी दुसरा डोस लागतो, त्यामुळे "एक तर घेतलाय" म्हणून थांबू नका. राहून गेला असेल तर पाच वर्षांच्या वयापर्यंत तो सरकारी केंद्रात दिला जातो. सर्व डोस मोफत आहेत.

कार्ड हरवले म्हणून घरी बसू नये. आशाताई किंवा आरोग्य केंद्रातील नर्सबाईंना तसे सांगावे. घेतला की नाही हे नक्की नसेल तर पुन्हा घेतल्याने नुकसान होत नाही. थोडी सर्दी, हलका ताप यांमुळे लस पुढे ढकलायची गरज नसते. कॅन्सरचे उपचार सुरू असलेले किंवा प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार असलेले मूल असेल तर मात्र डॉक्टरांना आधी विचारा. अशा मुलांना ही लस देता येत नाही. त्यांचे रक्षण आसपासच्या शंभरातल्या 95 मुलांनी दोन्ही डोस घेतले तरच होते. शेजारच्या त्या मुलाचा हक्क आपल्या मुलाच्या दंडावर आहे.

आणि गोवर झालाच तर मुलाला अंधाऱ्या खोलीत कोंडून, अन्नपाणी तोडून ठेवू नये. डॉक्टरांकडे न्यावे, अ जीवनसत्त्वाच्या मात्रा द्याव्या लागतात हे त्यांना आठवण करून विचारावे. भरपूर पाणी, पेज, दूध, फळे द्यावीत, अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध चालू ठेवावे. पुरळ उठल्यापासून चार दिवस शाळा, मदरसा, शिकवणी, लग्नकार्य बंद. श्वास जलद चालला, मूल सुस्त पडले, झटका आला, दूध पिईना, तर रात्र उजाडण्याची वाट पाहू नये. बरे झाल्यावरही वर्ष-दोन वर्षे त्याच्या खोकल्याकडे, जुलाबांकडे जास्त लक्ष द्यावे आणि बाकीच्या लसी चुकल्या असतील तर पूर्ण कराव्यात.

कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्मदाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्डाबरोबर लसीचे कार्डही असेल. ते आज बाहेर काढा. सोळा महिने पूर्ण झालेल्या मुलाच्या कार्डात गोवर-रुबेलाच्या रकान्यात दोन तारखा आहेत का, ते पाहा. नसतील तर जवळच्या केंद्रात लसीकरण कोणत्या वारी असते ते आजच विचारून ठेवा.